बालगंधर्वांची पहिली परीक्षा



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या वेळची एक गोष्ट प्रथम सांगतो, आणि ती सांगताना माझा दोष पदरी घेतो. संमेलनासाठी एक लहानसे संगीत नाटक बसवावयाचे ठरले होते, व त्यासाठी मुलांचे गाणे ऐकून निवड करण्याचे काम मजकडे आले होते. शाळेच्या मोठ्या दालनात पेटी मांडली होती. मुले भिंतीशी रांगेने उभी होती. एकेकाचे नाव पुकारून मी प्रत्येकास दोन ओळी म्हणावयास लावीत होतो. इयत्ता सातवीतील एक मुलगा दोनदा नाव पुकारूनही पुढे येईना. तिसऱ्या वेळी शेजाऱ्याने ढकलले तेव्हा तो आला. पण पेटीचा सूर एक आणि त्याचा सूर भलताच, असा प्रकार झाला. मुलगा बेपर्वा आहे, असे ठरवून मी त्यास परत पाठविले. पुढे दोन महिन्यांनी त्याच्या आईकडून मला समजले, की त्यास डाव्या कानाने फारसे ऐकू येत नाही. आणि पेटी त्या दिवशी नेमकी त्याच्या डाव्या हातास होती.

तेव्हापासून आणखी एका मुलाची कथा माझ्या मनात वरचेवर येते. त्याच्याही कानात दोष होता. त्यासही एके दिवशी जाणत्या मंडळींपुढे उभे राहून आपला गळा दाखवावा लागला. परंतु त्यास पारखणारी माणसे माझ्याहून अधिक धीराची निघाली, आणि त्या मुलाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. ते नाव नारायण श्रीपाद राजहंस. जग त्यांस बालगंधर्व म्हणून ओळखते. यंदाही संमेलनाच्या नाटकासाठी तुमच्यापैकी कित्येकजण आयुष्यातील पहिलीच अशी परीक्षा देण्यास उभे राहणार आहेत. म्हणून त्यांच्या चरित्राचा, विशेषतः त्यांच्या पहिल्या परीक्षेचा, वृत्तान्त येथे देत आहे.

प्रथम त्या काळची रंगभूमी कशी होती, हे समजून घेतले पाहिजे. मराठी संगीत नाटकाची घडी बसविली ती बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. कालिदासाच्या शाकुंतलाचे त्यांनी मराठीत संगीत रूपांतर केले, आणि १८८० साली पुण्यास त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर १८८२ साली संगीत सौभद्र आले. या नाटकांत पात्रे स्वतः गात. गद्य भाषण संपते न संपते तोच पद सुरू होई. त्यामुळे नटास अभिनय येऊन भागत नसे, गळाही लागे. आणि नुसता गळा असूनही भागत नसे, शब्दांचा अर्थ चेहऱ्यावर उमटावा लागे. त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. स्त्रीपात्रांचे काम मुलगे व तरुण पुरुषच करीत. अशा नटाच्या अंगी गोड आवाज, नाजूक बांधा, लुगडे नेसून सहज वावरण्याची सवय आणि पाठांतर, हे सारे गुण एकत्र असावे लागत. ते एकत्र सापडणे फार कठीण असे.

किर्लोस्कर मंडळीस असा एक नट लाभला होता. त्यांचे नाव भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या गळ्यावर सारा महाराष्ट्र लुब्ध होता. अण्णासाहेब १८८५ साली निवर्तले, तरी भाऊरावांच्या बळावर मंडळीचे नाव टिकून राहिले. पुढे १९०१ साली भाऊरावही अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले. नाटके होती, साथीदार होते, पडदे होते. पण ज्या आवाजासाठी लोक दूरदूरच्या गावांहून येत तो आवाज नाहीसा झाला. मंडळीचे चालक अर्थातच नव्या गळ्याच्या शोधात होते. कोणा गावी एखादा मुलगा बरा गातो अशी वार्ता आली, की त्यास ऐकावयाचे, हा क्रम होता. नारायणाची परीक्षा झाली ती अशा वेळी. परीक्षकांस भाऊरावांची आठवण होती, आणि प्रत्येक नवा मुलगा त्या आठवणीशी ताडून पाहिला जात होता.

आता या मुलाकडे वळू. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस घराणे सांगली भागातील नागठाणे गावचे. घरची स्थिती बेताची होती, पण गाण्याची आवड होती. नारायणाचा आवाज लहानपणापासूनच इतका गोड होता, की ऐकणारा थबकून उभा राहावा. तो दहाएक वर्षांचा असताना पुण्यास लोकमान्य टिळकांपुढे त्याचे गाणे झाले, आणि टिळकांनी कौतुकाने त्यास बालगंधर्व म्हटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तेच नाव त्यास जन्मभर चिकटले. इतके, की पुढे वयाची साठी उलटल्यावरही लोक त्यांस बालगंधर्वच म्हणत.

एवढ्या थोर पुरुषाने पाठ थोपटल्यावर पुष्कळ मुलांचे शिकणे तेथेच संपले असते. लहान वयात मिळालेली शाबासकी गोड असते, तशीच घातकही असते. नारायणाच्या घरच्या माणसांनी येथे शहाणपण दाखविले. मुलाचा गळा चांगला आहे, एवढ्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी त्यास खानदेशात जळगाव येथे पाठविले. तेथे मेहबूबखाँ नावाच्या गवयाकडे त्याचे गाण्याचे आरंभीचे शिक्षण झाले. शाळेतील शिक्षण मात्र फारसे पुढे गेले नाही. ही उणीव मी झाकून ठेवीत नाही, कारण पुढे तिचे परिणाम त्यांस भोगावे लागले. ते यथाक्रम येईलच. परंतु जळगावच्या त्या शिकवणीने एक गोष्ट साधली. कौतुकासाठी गाणारा मुलगा गुरूपुढे बसून गाणारा मुलगा झाला. या दोहोंत मोठे अंतर आहे. कौतुकासाठी गाणारा आपणांस जे उत्तम येते तेच पुनःपुन्हा गातो. गुरूपुढे बसणाऱ्यास जे येत नाही तेच पुनःपुन्हा गावे लागते.

पुढे नारायण कोल्हापुरास आला. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे, मल्लांसाठी तालमी आणि कलावंतांसाठी आश्रय, असा त्यांचा लौकिक होता. महाराजांनी या मुलाचे गाणे ऐकले. येथेच ती गोष्ट घडली, जी माझ्या मनास टोचते. गळा गोड आहे हे तर कोणासही कळले असते. पण या मुलास नीट ऐकू येत नाही, कानाचे काही दुखणे आहे, हेही महाराजांच्या ध्यानी आले. गाणाऱ्याचा कान अधू असणे म्हणजे चित्रकाराची दृष्टी अधू असण्यासारखेच होय. तंबोऱ्याच्या सुराशी आपला सूर जुळला की नाही, हे कानानेच कळावयाचे. रंगभूमीवर तर समोरच्या पात्राचे शेवटचे शब्द ऐकू आल्यावाचून आपले भाषण सुरू करता येत नाही. दुसऱ्या कोणी हा दोष पाहून मुलास नाकारले असते. महाराजांनी त्यास मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचारासाठी पाठविले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

हे इस्पितळ आपल्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली ते सुरू केले, आणि अल्पावधीतच दक्षिण महाराष्ट्रातून व कर्नाटकातून रोगी तेथे येऊ लागले. राजवाड्यातून आलेला आणि झोपडीतून आलेला, दोघेही त्याच दारातून आत जात. मिरज हे गाव दुसऱ्या एका गोष्टीसाठीही प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे व सतारी घडवीत आले आहेत. भोपळा निवडावा, तो वाळवावा, दांडी बसवावी, तारा चढवाव्या, आणि मग जव्हारी लावताना कान टवकारून तासचे तास बसावे, असे ते काम. ज्या गावी वाद्ये बोलती होतात, त्याच गावी या मुलाच्या कानावर उपचार झाले. हा योगायोग खरा, पण मनात राहणारा आहे.

शाहू महाराजांच्याच पुढाकाराने नारायण १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते. शंकरराव मुजुमदार, नानासाहेब जोगळेकर यांच्यासारखी रंगभूमीवर मुरलेली माणसे मंडळीत होती. नाटक मंडळीत नवा मुलगा आला म्हणजे त्याची परीक्षा कशी होई, हे आजच्या मुलांस कदाचित ठाऊक नसेल. प्रथम पेटी व तबला यांच्या साथीत त्यास गावयास सांगत. आवाज वरच्या पट्टीत फाटतो की काय, शब्द स्वच्छ येतात की नाही, ताल सुटतो की काय, हे पाहत. मग काही भाषण म्हणावयास लावीत. चालणे, बसणे, वळून पाहणे हेही नजरेखालून घालीत. थोडक्यात, गळा, कान, जीभ आणि अंग या चारही गोष्टींची तपासणी होई. नारायणाचा गळा त्यांतून सहज उतरला. परंतु गळा उतरला म्हणून काम संपले नाही. खरे काम त्यानंतरच सुरू झाले.

या ठिकाणी गोविंद बल्लाळ देवल यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावास शिकत असता त्यांस अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला होता, आणि संगीत शारदा हे नाटक लिहून त्यांनी बालवृद्धविवाहाच्या दुष्ट चालीवर मोठा प्रहार केला होता. ते जसे नाटककार, तसेच नामांकित तालीममास्तर. नारायणास अभिनयाचे धडे त्यांनी दिले. नाटक मंडळीत प्रत्येक नटास त्याच्या भाषणांची वेगळी लिहिलेली प्रत मिळे. तिला नक्कल म्हणत. नक्कल पाठ करणे ही पहिली पायरी. परंतु पाठ झालेले वाक्य आणि बोललेले वाक्य यांत फरक असतो. कोणत्या शब्दावर थांबावे, कोठे श्वास घ्यावा, पद सुरू होण्यापूर्वी मनातील भाव कसा उचंबळून यावा, हे तालमीत शिकावे लागते. सतरा वर्षांच्या मुलास शकुंतला व्हावयाचे होते. पतिगृही जाणारी कन्या, आश्रमातील झाडांचा निरोप घेणारी, आणि राजसभेत पतीने ओळख नाकारल्यावर थरथरणारी. हे दुःख त्या मुलाने स्वतः अनुभविलेले नव्हते. ते शब्दांतून समजून घेण्यास गुरू लागतो, आणि गुरूने सांगितलेले मुकाट्याने दहा वेळा करून पाहण्यास नम्रता लागते.

त्याच वर्षी मिरजेस शाकुंतलाचा प्रयोग लागला, आणि नारायण शकुंतलेच्या वेषात प्रथमच प्रेक्षकांपुढे आला. जे गाव त्याच्या कानासाठी आले होते, त्याच गावाने त्याचा आवाज प्रथम ऐकला. भाऊराव गेल्यापासून मंडळीची जी जागा रिकामी होती ती भरून निघाली, हे लोकांस कळून चुकले. तेथून नारायणरावांची कीर्ती वाढत गेली. सुभद्रा, शारदा, वसंतसेना अशा भूमिका एकामागून एक त्यांच्याकडे आल्या.

यश मिळाल्यावर माणूस दोन मार्गांपैकी एकाने जातो. एक मार्ग म्हणजे जे मिळाले त्यावर जगणे. दुसरा म्हणजे पुन्हा शिष्य होणे. नारायणराव दुसऱ्या मार्गाने गेले. भास्करबुवा बखले या थोर गवयांची तालीम त्यांस लाभली. या भास्करबुवांची गोष्टही तुम्ही ऐकण्याजोगी आहे. लहानपणी तेही किर्लोस्कर मंडळीत होते, आणि रामराज्यवियोग नाटकात कैकेयीचे काम करीत. पुढे वयाप्रमाणे आवाज फुटला आणि तो मान गेला. एखादा मुलगा रडत घरी गेला असता. भास्करबुवांनी मंडळी सोडली, मोठमोठ्या उस्तादांकडे वर्षानुवर्षे कष्टाने विद्या मिळविली, आणि गवई होऊन ते पुन्हा त्याच जगात आले, ते शिष्य म्हणून नव्हे, गुरू म्हणून. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या स्वयंवर नाटकातील पदांच्या चाली त्यांच्या. त्यांत रुक्मिणीची भूमिका बालगंधर्वांची होती, आणि शास्त्रोक्त रागदारी साध्या माणसाच्या ओठांवर नेण्याचे काम त्या नाटकाने केले. नाकारला गेलेला एक मुलगा आणि निवडला गेलेला एक मुलगा, दोघांच्या परिश्रमांची ती फलश्रुती होय.

मध्यंतरी १९११ साल आले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान नाटक १२ मार्च रोजी मुंबईस प्रथम व्हावयाचे होते. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी मृत्यू पावली. प्रेक्षक जमले होते, मंडळीची सारी भिस्त या खेळावर होती. नारायणराव रंगभूमीवर आले आणि त्यांनी भामिनीचे काम पार पाडले. हा प्रसंग कित्येकदा केवळ शौर्याची कथा म्हणून सांगितला जातो. मला तसे सांगवत नाही. बापाच्या हृदयात त्या रात्री काय चालले असेल, हे देवच जाणे. मी एवढेच म्हणेन, की शेकडो माणसांचे पोट ज्या कामावर आहे ते आपल्या दुःखामुळे अडू नये, असे त्यांस वाटले असावे. आणि त्या निर्णयाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली.

नानासाहेब जोगळेकरांच्या मृत्यूनंतर मंडळीत मतभेद वाढले, आणि १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीत साथीदार नेमतानाही त्यांची नजर उत्तमावरच असे. तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष, असे गुणी लोक त्यांनी जोडले. राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला हे नाटक १९१९ साली बडोद्यास प्रथम झाले; दुर्दैवाने गडकरी त्यापूर्वी महिनाभर आधीच निवर्तले होते. ज्या नटाच्या भरजरी शालूंची स्त्रिया नक्कल करीत, तो नट या नाटकात जीर्ण लुगडे नेसून, दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील सिंधू म्हणून उभा राहिला, आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. व्यसनाने बायकामुलांची काय दैना होते, हे पुष्कळांस त्या सिंधूकडे पाहून प्रथम कळले असेल.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस संयुक्त मानापमानाचा खेळ झाला. एका बाजूस बालगंधर्व, दुसऱ्या बाजूस ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन नायक टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ एका रंगभूमीवर आले. केशवरावांच्या धैर्यधराने त्या रात्री लोकांस भारून टाकले, आणि त्यांच्या भामिनीची भूमिका बालगंधर्वांनी केली. दुसऱ्याचा उत्कर्ष होत असता त्याच्या शेजारी उभे राहून आपले काम नेटके करणे, हीही एक परीक्षाच. तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे देहावसान झाले. त्यामुळे तो योग पुन्हा यावयाचा नव्हता.

आता त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. नारायणरावांचा हात सैल होता. रंगभूमीवर खरे गालिचे, खरे जरीचे शालू, खरी अत्तरे हवीत, असा त्यांचा हट्ट. १९२० सालच्या द्रौपदी नाटकावर झालेला खर्च तर सर्वांच्या तोंडी झाला होता. हिशेबाकडे त्यांचे लक्ष नव्हते. लहानपणी शाळेतील शिक्षण अपुरे राहिले, त्याची उणीव येथे भासली, असे मला शिक्षक या नात्याने वाटते. मंडळीवर लाखांच्या घरात कर्ज झाले. लोकांच्या प्रेमाने आणि स्वतःच्या कष्टाने ते बऱ्याच अंशी निवारले, पण खर्चाची सवय गेली नाही. पुढे बोलपट आले, नाटकगृहे ओस पडू लागली. १९३५ साली प्रभात कंपनीच्या धर्मात्मा चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचे काम केले; परंतु प्रेक्षकांवाचून यंत्रापुढे गाणे त्यांच्या प्रकृतीस मानवले नाही. उतारवयात पाय लुळे पडले, आणि एके काळी शालूंच्या ढिगाऱ्यात वावरलेल्या या नटास अडचणीत दिवस काढावे लागले. १९६४ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास ते निवर्तले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ साली बसविण्यात आली होती. ते मंदिर उघडले गेले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, पण ते पाहण्यास ते राहिले नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून तुमच्या पहिल्या परीक्षेस उपयोगी पडेल असे काय घ्यावे? तीनचार गोष्टी साध्या शब्दांत सांगतो.

पहिली, गाणे असे निवडा की जे तुमच्या गळ्यास झेपेल. परीक्षकास थक्क करण्यासाठी अवघड तानांचे पद घेऊन मध्येच अडखळण्यापेक्षा साधे पद शेवटपर्यंत सुरात म्हणणे बरे. दुसरी, शब्दांचा अर्थ आधी समजून घ्या. ज्यास अर्थ कळला नाही त्याचे पद कितीही सुरेल असले तरी ते पोपटाचे बोलणे होय. तिसरी, घरी दररोज ठरावीक वेळी म्हणून पाहा, आणि चुका दाखविणारे एक माणूस समोर बसवा; आई असो, वडील बंधू असो, की शेजारचे कोणी आजोबा असोत. चौथी, आपल्या अंगी काही उणीव असेल, ऐकू कमी येत असेल, दिसत कमी असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर ती लाजेने लपवू नका. आधीच येऊन सांगा. नारायणाच्या कानाचा दोष कोणास कळलाच नसता, तर त्या गळ्याचे पुढे काय झाले असते, याचा विचार करा. आणि निवड झाली नाही, तर भास्करबुवांस आठवा.

पालकांस माझी विनंती एवढीच, की मुलाच्या कौतुकाबरोबर त्याच्या कानाडोळ्यांकडेही लक्ष असू द्यावे. मूल ऐकत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी त्यास ऐकू येते की नाही, याची खात्री करून घ्यावी. हा उपदेश मी सर्वांआधी स्वतःस केला आहे.

यंदा पेटी दालनाच्या मधोमध ठेवावयाची असे मी ठरविले आहे, आणि प्रत्येक मुलास गाण्यापूर्वी पेटीच्या ज्या बाजूस उभे राहणे सोयीचे वाटेल तेथे उभे राहण्याची मुभा राहील. नाव पुकारल्यावर कोणी पुढे आला नाही, तर मी स्वतः उठून त्याच्याजवळ जाणार आहे. गेल्या वर्षी परत पाठविलेला तो मुलगा आता आठवीत आहे. सुट्टीत मी त्याच्या घरी जाऊन माझी चूक त्यास सांगितली. त्याने काही उत्तर दिले नाही. खाली पाहून हसला मात्र. परवा फलकावरील यादीत त्याने आपल्या हाताने नाव लिहिलेले मी पाहिले. त्याची निवड होईल की नाही, हे त्याच्या तयारीवर अवलंबून राहील. त्यात मी सूट देणार नाही. परंतु या वेळी त्याचे गाणे मी शेवटपर्यंत ऐकेन.